पत्रकं थांबवा, जेवायला जा
मिशन रविवारच्या आराखड्याबद्दल पॅरिश कौन्सिलला खुलं पत्र

प्रति,
आदरणीय फादर आणि पॅरिश पास्टोरल कौन्सिलचे सर्व सभासद,

जय ख्रिस्त.

यंदाच्या मिशन रविवारचा, म्हणजे ख्रिस्तसभेच्या प्रेषितकार्यासाठी प्रार्थना आणि दान करायच्या रविवारचा, आराखडा तुम्ही समूहप्रमुखांकडे पाठवलात आणि तो आमच्या समूहाच्या, म्हणजे शेजारच्या कुटुंबांच्या गटाच्या, बैठकीत वाचून दाखवण्यात आला. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा रविवार सुरू केला, म्हणजे हे शताब्दीचं वर्ष. १८ ऑक्टोबरला काहीतरी मोठं झालं पाहिजे असं कौन्सिलला वाटणं साहजिक आहे. नेहमीचे स्टॉल, लिलाव, रॅफल आणि खास दानफेरी आहेतच. त्यात यंदा दोन गोष्टींची भर पडली आहे. चर्चपासून नाक्यापर्यंत बँड लावून रॅली निघणार, आणि त्यानंतर युवकांचे गट धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) हद्दीतल्या प्रत्येक अख्रिस्ती घरात एकेक पत्रक देणार. पत्रकाचा मसुदाही सोबत होता. पुढच्या बाजूला येशूचं चित्र आणि 'प्रभू तुमच्यावर प्रीती करतो' ही ओळ, मागच्या बाजूला क्यूआर कोड. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, हरकत किंवा सूचना असल्यास कळवाव्यात. म्हणून कळवते. खुल्या पत्रातून कळवते, कारण आपल्याकडे एका धर्मग्रामाने काही केलं की पुढच्या वर्षी शेजारचे चार तेच करतात.

स्टॉलला आणि लिलावाला माझी बिलकूल हरकत नाही. केळीच्या घडाची बोली वाढत जाते तेव्हा वर्षभर मिस्साला मागच्या दारापाशी उभे राहणारे बाप्येही पुढे येतात, हे दृश्य मला आवडतं. पैसाही लागतोच. ज्या संस्थेतून मिशन रविवारच्या निधीची व्यवस्था उभी राहिली ती १८२२ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात पोलिन जारिको नावाच्या तरुणीच्या पुढाकारातून सुरू झाली. दहा-दहा जणांचे गट, आठवड्याला प्रत्येकाचं एक लहानसं नाणं आणि रोजची प्रार्थना, एवढंच भांडवल. या पोलिनबाईंना २०२२ मध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आलं. तेव्हा दानफेरी जोरात होऊ द्या.

हरकत पत्रकाला आहे, आणि पत्रकामागच्या विचाराला त्याहून जास्त. तो विचार असा की आपल्याकडे काहीतरी आहे, त्यांच्याकडे ते नाही, म्हणून आपण जायचं, द्यायचं आणि परत यायचं. कधी हातात पत्रक असतं, कधी जुने कपडे, कधी वैद्यकीय शिबिराचं बॅनर. देणारा हात नेहमी आपला. गेली कित्येक वर्षं आपण प्रेषितकार्य म्हणून जे जे केलं ते आठवून बघा. त्यात आपण कोणाच्या घरी नुसते पाहुणे म्हणून गेलो, त्यांनी वाढलेलं जेवलो आणि त्यांचं ऐकून आलो, असा एक तरी कार्यक्रम अहवालात सापडतो का?

आता लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. मिशन रविवारी आपण तो हमखास वाचतो, पण 'पीक फार आहे, कामकरी थोडे' या ओळीपाशी आपलं प्रवचन थांबतं आणि फादर-सिस्टर होण्याच्या आवाहनाकडे वळतं. त्याच्या पुढच्या ओळी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. येशू बहात्तर जणांना पाठवतो आणि आधी त्यांचे हात रिकामे करतो. थैली नको, झोळी नको, पायतण नको. घरात गेल्यावर पहिलं वाक्य, या घरास शांती असो. मग त्याच घरात राहा, ते देतील ते खा-प्या, आणि घरोघर फिरू नका. पुढे पुन्हा एकदा सांगतो की तुमच्यापुढे वाढतील ते खा. त्यानंतर आजाऱ्यांना बरं करा, आणि देवाचं राज्य जवळ आलं आहे हे सांगण्याची पाळी सर्वांत शेवटी. हा क्रम आपण उलटा केला आहे. आपण सांगायला आधी जातो आणि जेवायला जातच नाही. 'घरोघर फिरू नका' हे प्रभूने ज्यांना बजावलं त्यांचेच वारसदार आपण, आणि आपल्या आराखड्यात घरोघर फिरण्यासाठी गल्लीनिहाय तक्ता आहे.

शिष्याकडे थैली नसेल तर त्याला यजमानावर अवलंबून राहावं लागतं. त्याचं पोट, त्याची झोप, त्याची अब्रू त्या घराच्या हातात जाते. येशूने हे मुद्दाम केलं असं मी धर्मशिक्षणाच्या मुलांना सांगत आले आहे. तो स्वतःही तसाच वागला. जक्कयाला म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. शोमरोनी बाईशी इतकं खोल बोलणं झालं, पण सुरुवात त्याने पाणी मागून केली. ज्यांच्याशी यहुद्यांचा पाण्याचाही व्यवहार नव्हता तिच्या भांड्यातलं पाणी. महाडचं तळं ज्या राज्यात आहे तिथल्या माणसाला या प्रसंगाचं वेगळं स्पष्टीकरण लागू नये.

गेल्या काही वर्षांत आपण 'मिशनरी शिष्य' हे शब्द फार ऐकले. २००७ मध्ये ब्राझीलमधल्या अपारेसिदा इथे लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांची परिषद झाली, तिच्या दस्तऐवजात ते ठळकपणे आले. तो दस्तऐवज लिहिणाऱ्या समितीचे प्रमुख होते कार्डिनल बर्गोलियो. पुढे पोप फ्रान्सिस झाल्यावर त्यांनी २०१३ च्या आपल्या प्रेषितीय बोधपत्रात तोच विचार साऱ्या ख्रिस्तसभेपुढे ठेवला. ज्याचा ज्याचा बाप्तिस्मा झाला तो प्रत्येक जण मिशनरी शिष्य आहे, त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, असा त्याचा आशय. आपल्या सभागृहात ही ओळ फ्लेक्सवर लागली आहे. पण त्याच बोधपत्रात थोडं पुढे जे लिहिलं आहे ते फ्लेक्सवर मावलं नसावं. सुवार्ता सांगण्याची पहिली पायरी म्हणजे संवाद, आणि त्या संवादात आधी समोरचा माणूस बोलतो, आपले आनंद, आशा, काळज्या सांगतो. देववचन त्याच्यानंतर. ख्रिस्तसभा धर्मांतराच्या खटपटीने वाढत नाही, आकर्षणाने वाढते, हे पोप बेनेडिक्ट यांचं म्हणणंही त्यांनी त्यात उद्धृत केलं आहे. पत्रकाशी संवाद कसा करायचा? फार तर क्यूआर कोड स्कॅन करता येईल.

मागे एकदा आगमनकाळात, नाताळाआधीच्या आठवड्यांत, आपल्याकडची बस पालघरच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावर गेली होती. तुमच्यापैकी बरेच जण त्यात होते. कपड्यांची पोती उतरवली, बॅनर बांधला, मुलांना रांगेत बसवून खाऊ वाटला, फोटो झाले. एका घरातून एक म्हातारी सुपात उकडलेले करांदे घेऊन आली. वाफ येत होती. एकेकापुढे सूप धरत ती पुढे सरकत होती आणि आपली माणसं हसून, अगदी प्रेमाने सांगत होती, "नको मावशी, आम्ही डबे आणलेत." कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. काहींना पोटाची काळजी होती, काहींना वाटलं की गरिबाच्या घरचं कशाला संपवा. तिथे वस्तीला राहणाऱ्या सिस्टरने मात्र दोन करांदे उचलले, मीठ मागितलं आणि ओटीवर फतकल मारून बसली. मग म्हातारीही बसली. वनहक्क कायदा २००६ सालचा, पण तिच्या प्लॉटचा दावा अजून कागदातच फिरत होता, हे तिने सिस्टरला सांगितलं. पावसाळा संपला की मुलगा आणि सून वीटभट्टीवर जातात आणि नातवाची शाळा बुडते, हेही सांगितलं. भट्टी कुठली म्हणून सिस्टरने विचारलं तर वसई पूर्वेची निघाली. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण बस करून इतक्या लांब गेलो होतो त्यांचं कुटुंब वर्षातले काही महिने आपल्यापासून रिक्षाच्या अंतरावर राहत होतं. बसमधल्या बाकी कोणालाही याचा पत्ता लागला नाही. जिने खाल्लं तिला कळलं.

त्या भट्टीवर आपण अजून गेलेलो नाही. आराखड्यात तिचं नावही नाही, कारण ती आपल्या हद्दीच्या पलीकडे येते म्हणे.

पाड्याचं राहू द्या, आपल्या बिल्डिंगीतलं बघू. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती, त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते आपण रोज पाहतो. आपली वाडी, आपली विहीर, आपला क्रूस असं जे गाव होतं त्याच्या चारी बाजूंना आता सिंधुदुर्गातले, जौनपूरचे, कच्छचे, उडुपीचे लोक राहतात. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट येतं, नाताळला आपण नेवऱ्या, कलकल आणि सांदणं पाठवतो. ताट दारातून दारात जातं. माणूस उंबरठ्याच्या आत जात नाही. ताटावर रुमाल झाकलेला, तोंडावर हसू, आणि "या ना आत" म्हटलं की "नको, गॅसवर ठेवलंय". हे दोन्ही बाजूंनी चालतं. पण शिष्य म्हणवणारे आपण आहोत, ते नाहीत, म्हणून पहिलं पाऊल टाकायची जबाबदारीही आपलीच.

इथे कौन्सिलमधले काही जण म्हणतील, बाई, गणपतीत आत गेलो तर पुढ्यात मोदक येतो, त्याचं काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यातले कितीतरी जण यामुळेच जात नाहीत. काही जातात आणि प्रसाद कागदात बांधून आणून गुपचूप कोणाला तरी देतात. काही खातात आणि मग कन्फेशनला सांगतात. फादर, तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. पौलालाही करिंथमध्ये नेमकं हेच विचारलं गेलं होतं, आणि त्याने दिलेलं उत्तर एका ओळीचं नाही. मूर्ती म्हणजे काहीच नाही हे तो ठामपणे सांगतो. मूर्तिपूजेपासून दूर राहा हेही तितक्याच कडकपणे सांगतो. आणि मग म्हणतो की विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावलं आणि तुम्हांला जावंसं वाटलं, तर जे वाढतील ते चौकश्या न करता खा. मात्र हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर ज्याने सांगितलं त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. पौलाच्या डोक्यात सगळा वेळ ताटापलीकडचा माणूस आहे. नुसत्या 'चालतं' किंवा 'चालत नाही'मध्ये हे बसत नाही, आणि माझ्यासारखीने त्यावर निकाल देणं बरोबरही नाही. आरतीत उभं राहून टाळ्या वाजवा असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की रॅलीसाठी तीन बैठका झाल्या, त्यातली एक या प्रश्नाला द्या. फादरांनी समूहासमूहांत बसून, बायकामाणसांच्या भाषेत, हे समजावून सांगावं. लोक घाबरून दारातून परत फिरतात ते थांबेल.

या बाबतीत एक पाहुणा मला नेहमी आठवतो. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी पोप पॉल सहावे मुंबईला आले. ओव्हल मैदानावरच्या त्या गर्दीत आपल्या वसईचे किती लोक होते हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या भेटीत वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी उपनिषदातली प्रार्थना म्हणून दाखवली, असत्याकडून सत्याकडे, अंधारातून प्रकाशाकडे, मृत्यूतून अमरत्वाकडे ने. दुसऱ्याच्या देशात आलेला पाहुणा त्या घरचं काही तरी मनापासून घेतो आणि घेतलं असं सांगतो, असंच ते होतं. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचं आपलं घोषणापत्र काढलं. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. साठ वर्षं होऊन गेली. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे शिकवते तेव्हा मुलं विचारतात, मग आम्हांला घरी वेगळं का सांगतात.

दुसरी भीती कायद्याची. सध्याच्या दिवसांत कोणाच्या घरी गेलो तर धर्मांतराचा आळ येईल, असं समूहात दोघातिघांनी बोलून दाखवलं. भीती खोटी नाही. संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, पण १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात धरता येत नाही. ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा धर्मांतरविरोधी कायदा त्याच निकालात वैध ठरले. त्याआधी, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं तेव्हा, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनच्या शाळा, दवाखाने आणि अनाथालयं यांच्यावर ठपका ठेवला होता. त्या अहवालातलं बरंच काही मला अन्यायाचं वाटतं. तरी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. संशय दर वेळी आपल्या देण्यावर आला. कायद्यांचे शब्दही तेच सांगतात, बळजबरी, फसवणूक, प्रलोभन. जो रिकाम्या हाताने गेला, समोरच्याचा चहा प्यायला आणि त्याचं ऐकून आला, त्याने प्रलोभन कशाचं दाखवलं? पत्रकं घेऊन गल्लीगल्लीत फिरणारी पोरं मात्र पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी मोबाइलच्या व्हिडिओत येतील, आणि पोलीस ठाण्यात त्यांच्या आईबापांना जावं लागेल, कौन्सिलला नाही. अर्थात पोलिसांची भीती नसती तरी मी हेच म्हटलं असतं. बहात्तर जणांना रिकाम्या हातांनी पाठवलं तेव्हा हे कायदे नव्हते.

"मग हे नुसतं चहापाणी झालं, यात मिशन कुठे आहे?" असं एका ज्येष्ठ सभासदांनी मला तोंडावर विचारलं. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचे दहावा आणि अकरावा हे अध्याय सलग वाचावेत. पेत्राला ते दर्शन झालं तेव्हा तो याफोत शिमोन चांभाराच्या घरी पाहुणा होता. कातड्याचं काम विटाळाचं समजलं जायचं, तरी तिथे तो बरेच दिवस राहिला. तिथून कर्नेल्य या रोमी शताधिपतीकडे कैसरियाला गेला, यहुद्याने परक्याच्या घरी जाऊ नये हा नियम मोडून. त्या घरात पेत्राचं बोलणं संपायच्या आधीच पवित्र आत्मा उतरला. अख्ख्या घराचा बाप्तिस्मा झाला आणि घरच्यांच्या विनंतीवरून पेत्र आणखी काही दिवस राहिला. यरुशलेमला परतल्यावर आपल्याच लोकांनी त्याला धारेवर धरलं ते कशावरून? परक्यांना बाप्तिस्मा का दिला, अशी त्यांची तक्रार नव्हती. तू त्यांच्या घरात शिरलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास, ही होती. पहिल्या शतकातल्या पॅरिश कौन्सिललाही जेवणच खटकलं.

आपल्या मातीतला संत गोन्सालो गार्सिया याचं नाव गासच्या चर्चला आहे. वसईत जन्मलेला हा माणूस तरुणपणी जपानला गेला, तिथली भाषा शिकला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर मारलं. त्याच्या हौतात्म्यावर आपण दर वर्षी प्रवचनं ऐकतो. पण मरायच्या आधी तो वर्षानुवर्षं लोकांच्या घरात बसला असेल, चुकीचे शब्द बोलला असेल, लोक हसले असतील, कच्च्या माशाची सवय करून घ्यावी लागली असेल, याबद्दल कोणी बोलत नाही. भाषा कोणाला पत्रकातून येत नाही. ज्या फ्रान्सिसच्या संघात तो गेला तो संत फ्रान्सिस १२१९ साली क्रूसयुद्ध चालू असताना दमिएत्ताजवळ सुलतान अल कामिलच्या छावणीत गेला होता. नंतर आपल्या बंधूंसाठी लिहिलेल्या नियमात त्याने सांगितलं की मुसलमानांमध्ये राहायचं तर पहिला मार्ग असा, वादविवाद करू नका, देवासाठी सर्वांच्या अधीन राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करा. प्रभूला बरं वाटेल तेव्हा वचन सांगा, हा दुसरा मार्ग. 'ख्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या थॉमस स्टीफन्स यांचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे असं कुठलंही भाषण पुरं होत नाही, म्हणून इथे घेत नाही.

वचन सांगायची वेळ येते. आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळा येते. आमच्या मजल्यावर मालवणकडच्या एक काकी राहतात. त्यांचे यजमान गेले, त्यानंतरच्या काही महिन्यांत माझं त्यांच्याकडे जाणं-येणं वाढलं, कधी भाजी निवडायला, कधी नुसतंच बसायला. २ नोव्हेंबरला आम्ही दफनभूमीत मेणबत्त्या लावतो हे त्यांनी रस्त्यावरून कित्येकदा पाहिलं होतं. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथं उभ्या राहता तेव्हा मनात काय म्हणता गो? माणूस ऐकतो असं वाटतं तुम्हांला?" मला धर्मशिक्षणाच्या पुस्तकातलं उत्तर पाठ आहे. ते दिलं असतं तर वाईट वाटलं असतं त्यांना. मी म्हटलं, ऐकतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण तो ज्याच्याकडे गेला आहे तो ऐकतो यावर माझा विश्वास आहे, म्हणून मी त्याच्याशी बोलते. मग त्यांनी येशू मेलेल्यांतून उठला म्हणजे नेमकं काय ते विचारलं. चांगला तासभर गेला. त्या आहेत तशाच आहेत, सकाळी देवपूजा करतात, आणि त्यांनी बदलावं या हिशेबाने मी तिथे बसलेही नव्हते. पेत्राच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारण्याइतकं जवळ कोणी यायला हवं ना आधी!

आपल्या आतलंही थोडं बोलते, थोडंच, कारण सगळ्यांना माहीत आहे. हिंदी मिस्साला येणाऱ्या झारखंडच्या मुली आपल्यापैकी कितीतरी घरांत कामाला आहेत. शांतिचिन्हाच्या वेळी आपण त्यांना नमस्कार करतो, आणि सोमवारी त्यांचा कप वेगळा असतो. सोयरीक जुळवताना आपण काय काय विचारतो तेही लिहायला नको. सिनडच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या सल्लामसलतीच्या, प्रश्नावलीत आपण हे सगळं 'आव्हाने' या रकान्यात एका शब्दात भरून दिलं होतं.

आता सूचना. पत्रक छापू नका. छपाईचे पैसे दानफेरीत टाका. रॅली काढायचीच असेल तर काढा, बँडवाल्यांनाही पोट आहे. पण १८ ऑक्टोबरच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांत प्रत्येक कुटुंबाने एका घरी जावं, जिथून कधी ना कधी "या एकदा" असं म्हटलं गेलं आहे अशा घरी. प्रत्येकाकडे अशी दोन-चार घरं असतातच. भेटवस्तू नेऊ नये. मला माहीत आहे, आपल्याला रिकाम्या हाताने कोणाकडे जाणं जमत नाही, निदान केळी तरी नेऊ असं वाटेल. लहान मुलं असतील तर बिस्किटाचा पुडा न्या, तेवढी सूट प्रभू देईल. तिथे वाढतील ते खावं, जे चालत नसेल ते मोकळेपणाने सांगावं, त्यांनी विचारल्याशिवाय चर्चचा विषय काढू नये. फोटो काढू नये. व्हॉट्सअपवर टाकू नये. नंतरच्या समूहाच्या बैठकीत आपण काय सांगितलं हे न विचारता काय ऐकलं एवढंच विचारावं. आणि वीटभट्टीवर जायचं तर त्या पाड्यावरच्या सिस्टरला बरोबर घेऊन, त्यांच्या सोयीने, कपडे न घेता जावं. त्या नातवाच्या शाळेचं काही करता येतं का ते त्यानंतर बघू. करण्याजोगं असेल तर ते शिक्षण खात्याच्या नियमात बसवूनच करावं लागेल, आणि त्यात महापालिकेच्या शाळेतल्या आपल्या शिक्षिका मदत करू शकतील.

आमच्या समूहातल्या सात कुटुंबांनी होकार दिला आहे. दोघांनी नकार दिला, एकाने विचार करतो म्हटलं. युवकांना मी अजून विचारलेलं नाही, कारण पत्रक वाटायचं काम त्यांच्यावर सोपवलेलं आहे आणि कौन्सिलच्या आधी मी त्यांना वेगळं सांगणं बरं दिसणार नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती. मला बोलावलंत तर येईन. छापखान्याला मसुदा गेला असेल तर निदान त्यांना फोन करून थांबायला सांगा, मागच्या फेस्ताच्या वेळी त्यांनी दोन दिवसांत सगळं छापून दिलं होतं.

आपली नम्र,
एक धर्मशिक्षिका
वसई